बामाच्या सात बाटल्या

१९७४ सालची गोष्ट. शिंपीणबाईचं घड्याळजीशी लग्न होऊन आठ महिने झाले होते, आणि आठ महिने तिचं डोकं दुखत होतं. म्हणजे डोकं ठणठणीत होतं. दुखायचं ते नवरा जवळ आल्यावर, आणि जिथे दुखायचं त्याचं नाव घ्यायची तिला लाज वाटे. म्हणून ती "डोकं" म्हणे. भोळा घड्याळजी लगेच मागे सरे आणि दुसऱ्या दिवशी बामाची बाटली आणून देई. एकदा तर चष्माच करून आणला. आपला याच्यावर किती जीव आहे हे याला कधी कळणारच नाही, या धास्तीने ती आतल्या आत झुरत होती.

एके दुपारी डॉक्टरीणबाई कोटाचं माप द्यायला आल्या. टेप काढायला तिने मशीनचा खण ओढला, तशा बाटल्या खडखडल्या.

"सात? आणि सगळ्या भरलेल्या? अगं, दुखतं तरी कुठे?"

शिंपीणबाईचे कान लाल झाले. टेपचं टोक तिने हळूच कमरेखाली नेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला विचारून, सावकाश तपासलं. "जखम नाही, गाठ नाही. भीतीने आतले स्नायू मुठीसारखे आवळतात. तू मुद्दाम करत नाहीस. कापड बेतताना शिवणीत जादा कापडाची माया ठेवतेस ना?"

"ठेवते की. नाहीतर सैल कसं करणार?"

"मग अंगालाही ठेव. लांब श्वास, स्नायू आवळून सोडायचे, मग मलम लावून स्वतःचंच एक बोट. दुखलं की थांबायचं. तोवर बाकी सगळं बंद. आणि नवऱ्याला खरं सांग."

तिने सांगितलं. घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं.

"अहो, रागावलात?"

"रागावलो तर! आठ महिने भलताच भाग दुरुस्त करत बसलो!"

दोघं पोट धरून हसली. पुढे रोज तो विचारी, "आज माया किती?" ती म्हणे, "एक बोट." महिन्याने, "दोन बोटं." आणि एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, आज डोकं अजिबात दुखत नाही." भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली न देताच तो उठला. त्या दिवशी ते सव्वानऊलाच थांबलं.

डॉक्टरीणबाई निवृत्त होईपर्यंत तोच कोट वापरत होत्या, तीनदा सैल करून. घड्याळजीला दोन मुली झाल्या. आता हात थरथरतो, तरी त्या घड्याळाला किल्ली तोच देतो. शिंपीणबाईने शेकडो मुलींना शिवण शिकवलं आणि पहिल्याच दिवशी मायेचा अर्थ सांगितला, दोन्ही. बाम शेजाऱ्यांच्या गुडघ्यांना लागला. चष्मा मात्र तिला पंचेचाळिसाव्या वर्षी खरंच लागला.