घरगुती गप्पा ब्लॉगवर लिहा

बाईंना सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर "मला माहीत नव्हतं" या वाक्याचा. माहीत नव्हतं म्हणजे काय? पान उघडून वाचायला काय हात मोडले होते? नऊ वर्षं त्या आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी कशी घ्यायची ते शिकवत होत्या. गेल्या वर्षी त्यांनी फळ्यावरून उतरवून घेणं, वह्या, झेरॉक्स, सगळ्याला रजा दिली. त्या जागी दोन गोष्टी आल्या. एक, प्रत्येकीचा ब्लॉग: आज कामावर काय पाहिलं, काय जमलं, कुठे फजिती झाली, ते आपापल्या भाषेत लिहायचं. दुसरी, सगळ्यांची मिळून एक विकी: अंथरूण कसं बदलायचं, जखम कशी धुवायची, कोणाला कसं भरवायचं, याचं एकेक पान. हे पान कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं. कोणी, कधी, कोणता शब्द टाकला किंवा काढला, याची नोंद 'इतिहास' नावाच्या बटणामागे आपोआप राहायची.

"पान सगळ्यांचं, तशी जबाबदारीही सगळ्यांची," हे त्या येईल त्याला ऐकवायच्या. इतर संस्थांतले शिक्षक मुद्दाम येऊन बघून जायचे. बाईंची मान तेवढ्यापुरती ताठ व्हायची, आणि का होऊ नये? मुली खरंच लिहायला लागल्या होत्या. ज्यांना चार ओळींचा अर्ज लिहिताना घाम फुटायचा, त्या आता पानंच्या पानं लिहीत होत्या.

आणि मंगळवारी चिमणीच्या हातून ते घडलं.

चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून हे नाव. वर्ग आठवड्यातून दोनदा ज्या वृद्धाश्रमात कामाला जायचा, तिथल्या एका आजोबांना तिने दुपारी सूप भरवलं. आजोबांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली, गिळायला त्रास. तिने चमचा चमचा धीराने भरवलं, तोंड पुसलं, उशी काढली, आडवं केलं, चादर घातली. वीस मिनिटांनी आजोबांचे ओठ निळे पडले. पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं होतं. माणूस वाचला, पण अजून इस्पितळात ऑक्सिजनवर होता.

शुक्रवारी दुपारी एकला प्राचार्य मॅडम स्वतः वर्गात आल्या. हातात पाकीट होतं. पाकिटात काय आहे ते सोळाही जणींना माहीत होतं: चिमणीला अभ्यासक्रमातून काढून टाकल्याचं पत्र. एकदा ते मिळालं की कुठलंही इस्पितळ तिला दारात उभं करणार नव्हतं.

"मी पानावर होतं तसंच केलं," चिमणी म्हणाली. तीन दिवसांत तिचा आवाज पार बसला होता. "ब्लॉगवर पण लिहिलंय मी त्याच दिवशी. भरवा, तोंड पुसा, आरामात झोपवा. एकही पायरी सोडली नाही मॅडम. देवाशप्पथ."

"जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, हे लहान मुलालाही कळतं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, थांबा," बाई पुढे झाल्या. त्यांना या पोरीची कणव येत होती, पण त्याहून जास्त संताप येत होता, आणि तो चिमणीवर नव्हता. "ही ओळ पानावर होती. असणारच. नऊ वर्षं प्रत्येक तुकडीला मी ती शिकवलीय. कोणीतरी ती उडवलीय, आणि आता मूग गिळून बसलंय. सांगतंय का कोणी?"

शेवटच्या बाकावर मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. बावन्न वर्षांच्या मावशी वर्गात वयाने सगळ्यात मोठ्या. अकरा वर्षं घरी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं करत आलेल्या, आणि निदान हातात कागद तरी असावा, म्हणून शिकायला आलेल्या.

"नका सांगू. आपल्याकडे इतिहास आहे!" बाईंनी प्रोजेक्टर लावला. 'गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला भरवणे' हे पान भिंतीवर उमटलं. त्यांनी बटण दाबलं आणि यादी उघडली. खाली सगळ्यात जुनी नोंद, वर सगळ्यात नवी.

जुनी नोंद पाहून त्या जराशा चपापल्या. पहिल्या दिवशीच्या पानावरही ती ओळ नव्हती. मग त्यांना आठवलं. भरवण्याच्या तासाला ही ओळ यायच्या आतच घंटा झाली होती, आणि जाता जाता त्या म्हणाल्या होत्या, "राहिलेलं मी पानावर टाकते, तिथे बघा." टाकलं होतं का? टाकलं असणार. नक्कीच टाकलं असणार.

त्यांनी पुढची नोंद उघडली. ती मावशींची होती. भिंतीवर अक्षरं आली, आणि मॅडम मोठ्याने वाचू लागल्या.

"आमच्या ह्यांचं सांगते. जेवण झालं की मी त्यांना अर्धा तास तरी बसवूनच ठेवते, पाठीला दोन उशा लावून. कितीही कुरकुर केली तरी आडवं करत नाही. एकदा पाहुणे आले म्हणून गडबडीत लवकर झोपवलं, तर असा ठसका लागला की माझा जीवच गेला. तेव्हापासून कानाला खडा. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, घड्याळ बघायचं."

"आहे की!" चिमणी ओरडली. "मग मला का नाही दिसलं?"

बाईंनी वरची नोंद उघडली. त्याच दिवशीची, तीन तासांनंतरची. मावशींचा मजकूर पूर्ण काढला होता आणि पान पुन्हा पहिल्यासारखं केलं होतं. शेजारी काढणाऱ्याचं नाव होतं, आणि कारणाच्या रकान्यात एक वाक्य.

घरगुती गप्पा ब्लॉगवर लिहा.

नाव बाईंचं होतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. काहीतरी गफलत असणार, दुसऱ्या कोणीतरी आपल्या नावाने केलं असणार, असं मन सांगत होतं. पण वाक्य त्यांचंच होतं. अस्सं फटकन बोलणं वर्गात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. त्या संध्याकाळी तेवीस बदल तपासायचे होते. सुबक आकडे घातलेल्या पायऱ्यांच्या मधोमध हा लांबलचक परिच्छेद, वर मावशींचं नाव. आता ह्यांची कहाणी कुठे वाचत बसू, असं म्हणून त्यांनी पहिल्याच ओळीवर 'परतवा' दाबलं होतं. दुसरी ओळ वाचलीच नव्हती. प्रोजेक्टर बंद करायचं बटण हाताशीच होतं, आणि क्षणभर त्यांचं बोट तिकडे गेलंही. पण सोळा जणींचं वाचून झालं होतं.

"मी काढलं," बाई म्हणाल्या. "मॅडम, ते मी काढलं. न वाचता काढलं. हिची काही चूक नाही."

मॅडमनी पाकिटाकडे पाहिलं, ते घडी घालून पर्समध्ये कोंबलं आणि जवळच्या खुर्चीत बसल्या. चिमणी रडायला लागली, ती आता थांबायचं नावच घेईना.

बाई शेवटच्या बाकापाशी गेल्या. "मावशी, तुम्हाला दिसलं असेल ना मी काढलेलं? मग बोलला का नाहीत? भांडायचं माझ्याशी! दारात उभं राहून भांडायचं!"

"अहो बाई, भांडायचं काय त्यात," मावशी ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही खोडलंत म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. अकरा वर्षं उगाच बसवून ठेवलं बिचाऱ्यांना, असं वाटून मलाच कसंतरी झालं. त्यांची पाठ दुखायची ना बसून."

बाईंना आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं.

"उगाच म्हणजे? मावशी, आता घरी काय करता?"

"आता पानावर आहे तसंच. जेवले की तोंड पुसते आणि लगेच आडवं करते. महिना होत आला. खूश आहेत ते. मॅडम मघाशी बोलल्या, ते त्या आजोबांपुरतंच असेल असं वाटलं मला."

"ठसका लागतो?"

"लागतो हल्ली. रोजच लागतो म्हणा ना." मावशी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत हळूहळू बोलत होत्या. "आणि चार दिवस झाले, संध्याकाळी कणकण असते. मी म्हटलं, हवा बदललीय."

मॅडम ताडकन उठल्या. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं.

"जेवतात किती वाजता?"

"एकला. लेक भरवते. मी शिकवलंय तिला, अगदी पायरी पायरीने."

"फोन लावा! अहो मावशी, बघताय काय, फोन लावा आधी!"

मावशींनी पिशवी उपसली. चष्मा निघाला, किल्ल्या निघाल्या, फोन काही निघेना. चिमणीने पिशवी बाकावर उलटी केली, फोन शोधून मावशींच्या हातात दिला. रिंग गेली. वर्गात सोळाच्या सोळा जणी उभ्या होत्या.

"हॅलो. हो, मीच. बाबा जेवले का? झोपवलंस?" मावशींनी फोनवर हात ठेवला आणि बाईंकडे वळल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्यांनी विचारलंच. "बाई, बसवायला सांगू ना? नक्की ना?"

अकरा वर्षं ज्या बाईने एका माणसाला जिवंत ठेवलं होतं, ती आपली परवानगी मागत होती. बाईंनी मावशींच्या हातातून फोन ओढूनच घेतला.

"बाळा, त्यांना उठव. आत्ता. पाठीला उशा लाव आणि बसव. तुझी आई आधी करायची तसं. आणि लगेच डॉक्टरांना बोलाव."

"पण आईनेच सांगितलंय आडवं करायला," पलीकडची मुलगी गोंधळून म्हणाली. तिच्या मागून कोणाचा तरी चिकट, न थांबणारा खोकला ऐकू येत होता. "आमच्या बाई म्हणतात तेच बरोबर, असं म्हणाली ती. तुम्ही कोण बोलताय?"

"मीच ती बाई," बाई म्हणाल्या. "मी चुकले. उठव त्यांना."