माठावरचा लाल पट्टा

त्र्याहत्तरचा मे महिना. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची पोरं सांभाळायला मी रोज नाशिकहून सिन्नरच्या बाजूला जायची. माझं शिक्षण सातवी, बाकी सगळं रद्दीच्या पुस्तकांतून. पत्र्याची शेड, पंचवीस पोरं, पाण्याचा एक माठ आणि दुपारी खायला मिळणारी सरकारी सुकडी. पोरं तगून होती ती त्या सुकडीवर.

साहेब तपासणीला येणार होते. पोरांना काही येत नसेल तर शेड बंद. शेड बंद म्हणजे सुकडी बंद.

मला हुशारी सुचली. पृथ्वीचा गोल कुठून आणणार? माठच घेतला. पोटावर गेरूचा पट्टा ओढला आणि सांगितलं, "जगातली गरम ठिकाणं इथं, मधल्या पट्ट्यात. इथं सूर्य डोक्यावर असतो."

पाच वर्षांच्या मैनानं पट्ट्याला गाल लावला. "खोटं, बाई. इथंच तर लय गार हाय."

"माठ पाझरतो गं, म्हणून."

"मग पृथ्वी पाझरत नाय?"

सुकडी वाटणारी भागुबाई पोट धरून हसली. "घ्या! द्या आता उत्तर." माझ्या रद्दीत तेवढंच पान नसावं.

माठ पाझरायचा तसा गेरूही ओघळायचा. साहेबांपुढं पृथ्वीचा चिखल नको, म्हणून आदल्या संध्याकाळी मी माठ रिकामा करून वाळवला आणि पट्टा नव्यानं ठसठशीत ओढला.

"अन् पोरांना पाणी?" भागुबाईनं विचारलं.

"सकाळी टँकर येतोच की. बादलीत भरू."

टँकर आला नाही. भागुबाई कळशी घेऊन लांबच्या विहिरीवर गेली. अकराला यायचे साहेब अडीचला आले. तोवर पत्रा तापून पोरांची डोकी भाजत होती. मैनानं दोनदा पाणी मागितलं. मी म्हटलं, "साहेब गेले की देते हं." काय देणार होते, कोण जाणे.

जीपच्या पुढं कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकत होती. थेंब थेंब गळत होती. मला दिसली. पण शेडमध्ये पाणी नाही, हे साहेबांना सांगायचं कसं? मी मागितलं नाही.

"जगात गरम ठिकाणं कुठं असतात?" साहेबांनी विचारलं.

मैना उठली. धडपडत माठापाशी गेली, पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथं. इथं सूर्य डोक्यावर ऱ्हातो."

साहेब खूश. वहीत 'उत्तम' असा शेरा लिहून गेले.

धुरळा बसला तरी मैना माठापाशीच होती. पट्ट्याला गाल लावून पुटपुटली, "बाई, खरंच गरम हाय." मग डोळे फिरवले. भागुबाई कळशी घेऊन धावत आली, तिच्या तोंडात पाणी घातलं. ते ओठांवरून बाहेर आलं. दिवस मावळायच्या आत पोर गेली.

तिसऱ्या दिवशी तिची आई, चंद्रभागा, कामावर आली. कडेवर मैनाची धाकटी बहीण. माझ्यापुढं उभी राहिली.

"बाई, पोरीच्या गालाला लाल काय लागलं व्हतं?"

"गेरू."

"मी पुसला नाय." कडेवरची पोर सावरत म्हणाली, "सायबाला बरोबर सांगितलं का तिनं?"

"हो. एकदम बरोबर."

"मंग शेड चालू ऱ्हाईल."

"राहील."

"तर मंग हिला घ्या," म्हणत तिनं धाकटी माझ्या मांडीवर ठेवली आणि हातोडी उचलून खडीकडे गेली.