कुलूप उघडलं त्या दिवशी

मी फोन आहे. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं वाहिलं. आज स्वतःचं सांगतोय. आणि खरं सांगू, थकलोय हो.

माझ्या मालकीणबाई घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करायच्या. सगळ्याजणी त्यांना ताई म्हणायच्या. कुणाला घर सोडायचं असे, कुणाला लपायला जागा हवी असे. त्यांचे निरोप माझ्याकडे कुलूपबंद यायचे. वाटेत कुणीच वाचू शकत नसे, ज्यांनी ती सोय केली तेसुद्धा नाहीत. ताईंचं बोट लागलं की मी उघडायचो. सुरुवातीला त्या बायका दोन शब्द लिहितानाही घाबरायच्या. पुढेपुढे ‘आज भाजी करपली’ असंही लिहू लागल्या. ते वाचून ताई एकट्याच हसायच्या.

मग ताईंच्या गाडीला ट्रकने धडक दिली. त्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होत्या आणि मी त्यांच्या धाकट्या भावाच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्टर आले. सोबत एक आई होती. तिची सोळा वर्षांची मुलगी नोकरीच्या आमिषाने कुणाबरोबर तरी निघून गेली होती. मैत्रिणीला एवढंच बोलली होती, “कुठे जातेय ते ताईंना कळवलंय.”

“नुसतं बोट लावायचंय,” इन्स्पेक्टर म्हणाले.

भावाने मला मुठीत घट्ट धरलं. “साहेब, यात एकटी तीच नाही. तुमच्याच ठाण्यातल्या हवालदाराची बायको आहे. मीच तिला सामानासकट नव्या जागी पोहोचवून आलोय. तो तिचा माग काढतोय.”

इन्स्पेक्टर म्हणाले, “मी फक्त त्या पोरीचं वाचेन. शब्द देतो.”

“दादा,” आई म्हणाली, “एकुलती एक आहे हो माझी.”

भावाने ताईंचा हात उचलला. झोपलेल्या माणसाचं बोट किती जड लागतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मुलीच्या निरोपात लॉजचा पत्ता होता. संध्याकाळच्या आत ती सापडली. खोलीत कोंडलेली, पण जिवंत.

इन्स्पेक्टरांनी शब्द पाळला. पण पुरावा म्हणून ठाण्यात माझी अख्खी नक्कल काढली गेली, आणि ती ज्या खोलीत ठेवली तिथे कुणीही जाऊ शके. हवालदारही गेला, आणि बायकोचा पत्ता त्याला मिळाला. पुढच्याच आठवड्यात तो बायकोच्या दारात उभा होता. मागच्या भिंतीवरून उडी टाकून ती निसटली. शेजारणीने कळवलं, मनगट मोडलंय, कुठे गेली ठाऊक नाही.

ताई शुद्धीवर आल्यावर भावाने सगळं सांगितलं. “मी चुकलो का गं?”

ताईंनी विचारलं, “ती पोरगी घरी आहे ना?”

“आहे.”

“मग मला नको विचारूस.”

त्यानंतर एकेक करून बायका लिहायच्या बंद झाल्या. माझा कुणावर राग नाही. त्या आईसाठी मी पुन्हाही उघडेन. फक्त एक मागणं आहे, बाबांनो: एकीसाठी दार उघडाल, तेव्हा बाकीच्यांना उघड्यावर टाकून जाऊ नका.

ताई आता काठी घेऊन चालतात. सकाळी उठल्या की आधी मला हातात घेतात. हवालदाराच्या बायकोला त्यांनी लिहिलंय, ‘कुठे आहेस ते सांगू नकोस. बरी आहेस, एवढंच कळव.’

अजून उत्तर नाही.