डाव्या चौकटीतला मुक्काम

मित्रांनो, मी एक जुना मेनू आहे. हॉटेलातला नव्हे; वेबसाइटच्या डाव्या कडेला बटणं घेऊन उभा असतो, तो. माझ्या काळात वेबसाइटच्या दोन चौकटी करत. डावीकडच्या अरुंद चौकटीत मी, उजवीकडच्या ऐसपैस चौकटीत बाकीची पानं. बटण माझ्याकडे दाबायचं, पान उजवीकडे उघडायचं.

मला आत्याने घडवलं (घरातल्या मुलीची आत्या, म्हणून मीही आत्याच म्हणतो), पुस्तकात बघून बघून. तिच्या भावाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, त्याची ही वेबसाइट. 'दुरुस्ती', 'सुटे भाग', 'संपर्क' अशी बटणं तिने मला लावली, तेव्हा सगळं घर गोळा झालं होतं. भाऊ म्हणाला, "दुकानाला दुसरं दारच फुटलं की गं!" बरीच वर्षं गिऱ्हाइकं त्या दाराने आली.

मग एकदा नवं बटण लावताना आत्याच्या हातून एक ओळ पुसली गेली. 'पान उजवीकडे उघड' असं सांगणारी. तेव्हापासून बटण दाबलं की पान माझ्याच अंगावर येऊन पडे. मी झाकला जाई, आणि दुकानाचा फोन नंबर अर्धा कापला जाई. सुरुवातीला गुदमरायला झालं. पुढे काही वाटेनासं झालं.

आत्या रोज सकाळी वेबसाइट उघडायची, माझ्याकडे बघायची आणि "आहे गडी जागेवर," म्हणून बंद करायची. दाबून कधी बघितलंच नाही.

फोन येईनासे झाले. भाऊ म्हणाला, "आता मशीन दुरुस्त करतंय कोण? महिनाअखेर दुकान सोडून देतो."

ते ऐकून त्याची मुलगी खुर्ची ओढून बसली. तिने वेबसाइट उघडून 'संपर्क' दाबलं.

"आत्या, नंबर कुठाय गं?"

"अगं, उजवीकडे... अगोबाई! हा इथे कसा कोंबला गेला?"

"तू दाबून बघत नव्हतीस?"

"आपल्याच दाराची बेल कोण वाजवून बघतं गं?"

आत्याने माझी जपून ठेवलेली जुनी प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. हरवलेली ओळ जागेवर घातली. पान उजवीकडे उघडलं, अख्ख्या नंबरासकट.

त्याच आठवड्यात फोन वाजला. कुणाच्या तरी मशीनचा दोरा सारखा तुटत होता. भाऊ चहा अर्धा टाकून दुकानात गेला. सोडायचं नाव पुन्हा काढलं नाही.

मला आनंद झाला म्हणावं, तर तसंही नाही. बधिरपणा एका ओळीने जात नाही. भाची आता नवी वेबसाइट करतेय. तिच्यात चौकटी नाहीत, मीही नाही.

एवढंच सांगतो, मित्रांनो. रोज जागेवर दिसतो तो बराच असेल, असं धरून चालू नका. अधूनमधून त्याला हाक मारा, आणि तो ओ देईपर्यंत थांबा.