काठाचा नकाशा

सोनाळ्यात अर्जुनरावांनी नवं घर बांधायला काढलं, तेव्हा त्याचा नकाशा शेगावचा इंजिनीअर नाही, आपली सून काढणार, हे कौशल्याबाईंनी त्यांना सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. विचारायची सवय त्यांना नव्हतीच.

सून सुचिता लग्नाआधी आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकली होती. सासरी आल्यापासून तिचे हात भेंडी तोडण्यात आणि मेथीच्या जुड्या बांधण्यातच गेले. पण "लोकाच्या सुना पोळ्या लाटतात, माही सून घरं काढते," असं कौशल्याबाई गावभर बोलून बसल्या होत्या. आता ते खरं करून दाखवणं भाग होतं.

लॅपटॉप होता, सुचिताच्या भावानं दिलेला. त्यात नकाशे काढायचं सॉफ्टवेअर नव्हतं. ज्या नामी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ती शिकली, त्याचं वर्षाचं भाडं ऐकून कौशल्याबाईंचा मुलगा ज्ञानेश्वर याला ठसकाच लागला.

"आई, नेटवर एक फुकट मिळते," सुचिता म्हणाली. "कामापुरतं चांगलं आहे म्हणतात."

"फुकट?" कौशल्याबाईंनी तो शब्द असा उच्चारला, जणू ताटातल्या भाजीत अळी सापडली. "अव, फुकटाचं काय येते या घरात? अर्जुनराव काय म्हनतीन? कौशल्याबाईची सून फुकटाच्या मशीनवर घर काढते? नामी कंपनीचंच पायजे. नवं झेपत नसन तं जुनं घे."

आणि त्या सुनेला घेऊन शेगावला गेल्याही. दर्शन घेतलं, मग कॉम्प्युटरच्या दुकानात शिरल्या. दुकानदारानं वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला एक डबा काढला. कंपनी तीच, नामी. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या पोरांसाठी निघालेलं सॉफ्टवेअर, म्हणून स्वस्त.

"असली माल आहे काकू. थोडा जुना. पण नव्यानं काढा का जुन्यानं काढा, भिंत तर भिंतच राह्यते."

सुचितानं डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. "आई, हे शिकणाऱ्यांसाठी आहे. पैसे घेऊन काम कराले चालत नाई याच्यावर."

"मंग तू शिकूनच तं आली! तुह्यासाठीच ठेवलं होतं त्यानं."

दुकानदार हसला. कौशल्याबाईंनी त्याचं हसणं होकार समजून डबा पिशवीत टाकला. घरी आल्यावर लॅपटॉपनं काहीबाही विचारलं, सुचिता वाचत बसली, तर मागून सासूचा आवाज, "दाब ना व ते बटन लवकर!" सुचितानं दाबलं.

नकाशा झाला. ज्ञानेश्वर भाजी घेऊन बाजाराला गेला, तिकडूनच तो मोठ्या कागदावर छापून आणला. सुचिता वावरात होती. कौशल्याबाईंनी गुंडाळी सोडली आणि पाहतच राहिल्या. मधोमध खोल्या, दारं, जिना. आणि कागदाच्या चारी कडांना बारीक इंग्रजी अक्षरांची ओळ, चारीकडे सारखीच, नेमकी. सही करता येण्याइतकीच त्यांची शाळा. इंग्रजीच्या वाटेला त्या कधी गेल्याच नव्हत्या. पण लुगड्याचा काठ त्यांना कळत होता. पोरीनं कागदालासुद्धा काठ काढला!

सून येईपर्यंत त्यांना थांबवेना. गुंडाळी काखेत मारली आणि अर्जुनरावांचं घर गाठलं.

"पाहा," त्यांनी कागद बाजेवर पसरला. "घर तं कोनीही काढन. हा काठ पाहा! चारी बाजूनं. तुमच्या त्या शेगावच्या इंजिनीअरले म्हना, असा काढून दाखव."

अर्जुनराव चष्मा लावून वाकले. त्यांची बायको शालूबाई "लय बारीक काम आहे व," म्हणाली. त्यांची सून डिंपल इंग्रजी शाळेत शिकवायची. तिनं ओळ वाचली आणि पदर तोंडाला लावला.

"काकू, हा काठ नाही हो. लिहिलंय इथं. विद्यार्थ्यांच्या सॉफ्टवेअरवर काढलेला नकाशा, फक्त शिकण्यासाठी. चारही बाजूंना तेच लिहिलंय."

शालूबाईला हसू आवरलं नाही. अर्जुनराव हसले नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी कागद सावकाश गुंडाळून परत दिला.

"वहिनी, तुमचा शब्द म्हणून थांबलो होतो. पण हे शिकाऊ काम घेऊन मंजुरीले पंचायतीत कसा जाऊ? इंजिनीअरलेच देतो आता."

"बुधवारपर्यंत थांबा," कौशल्याबाई म्हणाल्या. आवाज चढाच होता, पण कान तापले होते.

"बुधवारी मी शेगावले त्याच्याकडंच जाऊन राह्यलो. तोपर्यंत आणलं तं पाहू."

घरी येताच त्यांनी गुंडाळी सुनेसमोर आपटली. "काऊन नाई सांगतलं तू?"

"सांगतलं होतं. दुकानातच."

"मंग जोरात सांगाचं! जाऊ दे. कात्री आन. चारी बाजूनं कापून टाकू."

"कापता येते, आई. पण मी कबूल केलं आहे, शिकण्यापुरतंच वापरीन म्हणून. ते बटन दाबून."

"कोनं सांगतलं होतं दाबाले?"

"मागूनच आवाज आला होता, आई."

कौशल्याबाई बाजेवर बसल्या. कबूल केलं होतं, तर मग संपलं. कबूल केलेलं मोडायला त्या काही बाजारातल्या दलाल नव्हत्या. पण मग उरलं काय? ते फुकटाचं? पोरीचं पहिलंच काम, आणि ते त्यांनीच नासवलं होतं. हे त्यांनी कुणालाही बोलून दाखवलं नसतं.

"फुकट देते तो काही चांगलं देत नसते," त्या पुटपुटल्या.

"आई, तुम्ही वांग्याचं बी अर्ध्या गावाले वाटता. पैसे घेता?"

"बियाचे पैसे? मी काय दुकान टाकलं?"

"मंग ते बी हलकं आहे?"

"हलकं? माह्या बियाचं वांगं एकदा खाल्लं का मानूस..." कौशल्याबाई अर्ध्यावरच थांबल्या. सून हसत नव्हती.

"याचंही तसंच आहे," सुचिता म्हणाली. "जगभरच्या लोकांनी मिळून बनवलं अन वाटलं. याच्यावर पैसे घेऊन काम केलं तरी कोनी अडवत नाई."

"कोन लोकं?"

"लय जण आहेत. नावं नाई माहीत मले."

"नाव नाई माहीत, तं घरी बोलावून चहा तरी कसा पाजाचा व?" कौशल्याबाईंनी निःश्वास सोडला. "लाव. त्याहिचं भलं होवो. लाव लवकर."

सोपं गेलं नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या खुणा दुसऱ्याच जागी. जुन्या हाताला भिंत काढायला जावं तर रेघ भलतीकडेच पळायची. सुचितानं जुनी फाइल उघडलीसुद्धा नाही. मापं घेऊन पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली. दोनदा रडकुंडीला आली. कौशल्याबाई समोर बसून लसूण सोलायच्या आणि मध्येच विचारायच्या, "होते का?"

"होऊन राह्यलं."

"होत नसन तं सांग. मी जाऊन अर्जुनरावाले तोंड दाखवते. माह्या तोंडाले सवय आहे."

सुचिता हसली, आणि त्यानंतर जिना जमला.

बुधवारी अर्जुनराव शेगावला निघायच्या आधीच कौशल्याबाई गेल्या, या खेपेला सुनेला घेऊन. तोंड उघडायचं नाही म्हणून गालात सुपारी धरून बसल्या. अर्जुनरावांनी कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. देवघर इकडं काऊन? जिन्याखाली काय? प्रत्येक प्रश्नाला कौशल्याबाईंची जीभ वळवळत होती, आणि प्रत्येकाला सुचितानं उत्तर दिलं, न अडखळता.

डिंपल म्हणाली, "स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडली असती तर?"

सुचितानं लॅपटॉप उघडला, तिथल्या तिथं खिडकी सरकवली. शालूबाई पुढं वाकली. "सरकली व! माहा ओटाही सरकव ना जरासा!"

अर्जुनरावांनी पडद्यावरच्या भिंतीवर बोट ठेवलं. "पायाचं अन लोखंडाचं मी इंजिनीअरलेच विचारीन हो."

"विचारलंच पायजे, मामाजी. ते माहं काम नाई. खोल्या माह्या."

हे त्यांना आवडलेलं दिसलं. "मंग खोल्या तुह्याकडं. माडीचाही काढ. कधी देशीन?"

सुचितानं बोटांवर हिशेब केला. "पाच-सहा रोज लागतीन. वावरात भेंडी तोडाले आली आहे, म्हणून."

कौशल्याबाईंनी उठून अंगणात सुपारी थुंकली. "भेंडी मी तोडते," त्या म्हणाल्या. "तू माडी काढ. अन शालूबाई, चहा टाकला असन तं पहिला कप सुनेले द्या. काम तिनं केलं आहे."