मी झाकलेली थरथर

सकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं. ही वेळ मी विसरणार नाही, कारण मी काढलेल्या प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात वेळ आपोआप उमटते. त्या दिवशी, त्या मिनिटाला सुलक्षणाने मला पहिल्यांदा हातात धरलं आणि माझी लबाडी सुरू झाली.

मी एक छोटा कॅमेरा बोलतोय. दोन काडेपेट्या एकावर एक ठेवल्या तर जेवढ्या होतील तेवढाच मी. लोक मला हेल्मेटला बांधतात, गाडीच्या हँडलला बांधतात. मला पाणी चालतं, धूळ चालते, पडलो तरी मी सहसा फुटत नाही. पण मला बनवणाऱ्यांनी माझ्या अंगात एक खोड घालून दिली आहे. धरणाऱ्याचा हात हलला तर मी ते कुणाला दिसू देत नाही.

सांगतो कसं ते. माझ्या पोटात एक बारीक भाग आहे. हात किंचित जरी हलला तरी त्याला लगेच कळतं. हात उजवीकडं गेला की मी चित्र तेवढंच डावीकडं ओढतो. खाली गेला की वर ओढतो. त्यासाठी चारी कडांचं थोडं थोडं चित्र कापून टाकावं लागतं, पण ते कुणाच्या ध्यानात येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, धरणाऱ्याचा हात किती सावध. या गोष्टीची मला फार घमेंड होती. आता तिच्यामुळंच तोंड लपवत फिरतो.

माझा पहिला मालक शिरूरचा एक कॉलेजातला मुलगा. त्याने मला हेल्मेटवर बांधून पंधरा दिवस हायवेनं फिरवलं आणि मग कंटाळला. वर्षभर मी त्याच्या कपाटात मोज्यांखाली पडून होतो. तिथून मी दौंडला अनिसच्या दुकानात आलो. अनिस मोबाइल दुरुस्त करतो, जुन्या वस्तू घेतो, विकतो. त्याच्याकडून मला सत्यजीतनं नेलं, वडगाव रासाईला.

सत्यजीतचा गायींचा धंदा. गाय घ्यायची, चार महिने मुरघास-पेंड घालून तिला चांगली करायची आणि विकायची. हल्ली गिऱ्हाईक गावात यायच्या आधी व्हिडिओ मागतं. गाय चालताना दाखवा, मागून कास दाखवा, धार काढताना दाखवा. व्हिडिओ हलला की गिऱ्हाइकाला शंका येते, हा गडी काहीतरी लपवतोय. म्हणून त्याने मला आणलं होतं. पण गाय चालवायची तर म्होरकीची दोरी त्याच्या हातात लागणार. मग मला धरणार कोण? सुलक्षणा, त्याची बायको. घरात दोन महिन्यांची मुलगी होती, अपेक्षा. ती आतल्या खोलीत झोपलेली असताना पहाटेच्या धारा उरकत आल्या की हे शूटिंग चालायचं.

पहिल्या दिवशी सत्यजीतनं तिला नीट शिकवलं. "दोन्ही हातांनी धर. कोपरं बरगड्यांना चिकटव. गळ्यातली पट्टी जरा ताणून धर. गुडघ्यात वाक, आन् टाच आधी टेकव."

त्याची आई साखरबाई गायीखाली बसून शेवटच्या धारा काढत होती. ती तिथूनच म्हणाली, "एवढं कशाला शिकवतो तिला? सुलक्षणा, डोक्यावर पाण्याचा हंडा हाय असं समज आन् चाल."

"हंड्याला हात लागत न्हाई आत्या," सुलक्षणा म्हणाली. "हात मोकळं असत्यात तवा."

साखरबाई हसली. तेवढ्यावर ते राहिलं. मला मात्र ते वाक्य पुढं फार आठवत राहिलं.

चांदी नावाच्या गायीच्या चार फेऱ्या झाल्या. सत्यजीतनं तो व्हिडिओ मोबाइलवर घेतला आणि दोनदा बघितला. "आयला, हात कसला हाय तुझा. जागचा हलत न्हाई." पुढं गिऱ्हाइकंसुद्धा विचारायला लागली, शूटिंगला माणूस ठेवलाय का. सत्यजीत म्हणायचा, "माणूस न्हाई ओ, मालकीण हाय." सुलक्षणा खाली बघून हसायची.

मला मात्र खरं माहीत होतं. तिचा हात कापत होता.

चालताना हात हलतो तसं ते नव्हतं. ती उभी राहायची, कोपरं बरगड्यांना लावायची, श्वास धरायची, सांगितलेलं सगळं करायची. तरी बोटांमध्ये बारीक, भराभर थरथर चालूच. कोंबडीचं पिल्लू मुठीत धरलं की ते आतून धडधडतं ना, तसं. दोन फेऱ्यांच्या मध्ये मी तिच्या छातीवर लटकलेला असायचो, तेव्हा तिचं काळीज ऐकू यायचं. ती वैरणीच्या ढिगावर बसलेली असायची आणि काळीज पळत असायचं.

ती सांगायची नाही असं नाही. पहिल्यांदा तिने सांगितलं चहा पिताना, कप खाली ठेवून. "माझं हात कापत्यात. आतनं धडधडतं. दोन भाकरी जास्ती खाते तरी वाळत चाललेय."

"पाजणारी बाई वाळणारच," साखरबाई म्हणाली. "मी तीन पाजली. आन् खुरपायला जायची."

सत्यजीत म्हणाला, "लई इचार करती तू. निवांत ऱ्हा."

त्या दोघांना वाईट म्हणू नका. ते तिच्या हाताकडं बघत नव्हते, माझ्या चित्राकडं बघत होते. आणि माझ्या चित्रात सगळं निवांत होतं.

मी खुंटीवरून घर बघायचो. सुलक्षणा बाळाची नखं काढायची बंद झाली. डॉक्टरांनी दिलेले थेंब बाळाच्या तोंडात जायचे तेवढेच हनुवटीवर सांडायचे. आणि ती बाळाला उभ्यानं घ्यायची नाही. आधी भुईवर बसायची, पाय पसरायची, मग म्हणायची, "द्या आता." साखरबाईला तो आळस वाटायचा. शेजारची गिताबाई एकदा हसत म्हणाली, "राणीसाहेबांना बसूनच लेक लागती." बाळ पडलंच तर कमी उंचीवरून पडावं, एवढाच सुलक्षणाचा हिशेब होता. तो तिने कुणाला सांगितला नाही.

मग एका सकाळी साखरबाई डेअरीला दूध घालायला गेली आणि तिला यायला उशीर झाला. पाणी निवत चाललं होतं, म्हणून सुलक्षणाने बाळाला स्वतःच अंघोळ घातली. मी मोरीच्या दाराशी खिळ्याला होतो. साबण लावून झाला. पाणी ओतून झालं. पायांवरून उचलताना ओलं बाळ तिच्या हातातून निसटलं आणि त्याचं कपाळ पाटाच्या कडेला लागलं. वीतभर उंची. पण भुवईवर बोराएवढं टेंगूळ आलं, आणि रडणं ऐकून बाहेरून सत्यजीत आला, मागोमाग साखरबाई.

साखरबाईनं बाळ उचललं, टेंगळावर पदर दाबून धरला. बाळ शांत झाल्यावर ती बोलली. "गायीचा व्हिडिओ काढताना हात हलत न्हाई, आन् पोटच्या लेकीला धरताना कापतो व्हय गं? सरळ म्हण की नको वाटतंय."

"खरंच कापतो ओ आत्या. देवाशप्पथ."

सत्यजीत काही रागीट माणूस नाही. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणाचा तरी दोष दिसला की बरं वाटतं. त्याने मोबाइल काढला आणि सकाळचाच व्हिडिओ लावला. "हे बघ. घंट्याभरापूर्वीचं हाय. कुठं हलतंय दाव मला."

सुलक्षणाने मोबाइल घेतला नाही, वाकून बघितलं. चांदी चालत होती. मागची भिंत, पत्रा, पाण्याचा हौद, सगळं जागच्या जागी. तिने शेवटपर्यंत बघितलं. मग ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मग मलाच कळत नसंल."

मी आयुष्यात पुष्कळ धूळ खाल्ली, पण या चार शब्दांइतकं मला काही लागलं नाही. घरात एकट्या मला माहीत होतं की ती खरं बोलते. दर सेकंदाला माहीत होतं. आणि तिच्याविरुद्ध साक्ष दिली ती मीच.

त्या दिवसानंतर तिने हाताबद्दल बोलणं सोडलं. अंघोळ साखरबाई घालायची. सुलक्षणा भुईवर बसून बाळाला पाजायची, पाजून झालं की लगेच परत द्यायची. माझं कौतुक तसंच चालू होतं.

मला सांगायला आवडलं असतं, की पुढचं मी जाणूनबुजून केलं. पण तसं नाही. बारामतीकडच्या एका गिऱ्हाइकाला कासेवरच्या शिरा बघायच्या होत्या. चित्र अजून स्वच्छ पाठवा म्हणाला. सत्यजीतनं माझ्यात सगळ्यात मोठं चित्र लावलं. मी स्वस्तातला कॅमेरा. मोठं चित्र लावलं की माझी ती थरथर झाकायची सोय आपोआप बंद पडते. हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा व्हिडिओ त्याने बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. गाय, भिंत, हौद, सगळं थरथरत होतं.

"पाडलास का काय?"

"न्हाई ओ."

"मग बिघडला."

त्या दिवशी बाळाला झबली घ्यायला दोघं दौंडला जाणारच होते. सुलक्षणाने बाळाला ओढणीनं पोटाशी घट्ट बांधून घेतलं, दोन गाठी मारल्या, त्या दोनदा ओढून बघितल्या आणि मग गाडीवर बसली. मी सत्यजीतच्या खिशात.

अनिसनं मला उलटसुलट केलं. मग काउंटरच्या काचेवर ठेवून रस्त्याचं चित्र घेतलं. स्थिर. स्वतः हातात धरून घेतलं. थोडं हललं, जेवढं कुणाचंही हलतं तेवढं. सत्यजीतला धरायला लावलं. तसंच.

"कॅमेरा ठीक हाय, सत्यजीतभाऊ. मोठ्या चित्राला यात हलणं सरळ करायची सोय न्हाई. जसा हात तसं चित्र. एरवी धरतं कोण?"

"ही धरती."

"वहिनी, जरा धरा बरं."

सुलक्षणाने ओढणी सोडून बाळ सत्यजीतकडं दिलं. मला दोन्ही हातांत घेतलं. कोपरं बरगड्यांना लावली, श्वास धरला. समोर शिंप्याच्या दुकानाची पाटी होती. अनिसच्या मोठ्या पडद्यावर त्या पाटीची अक्षरं पाण्यातल्या सावलीसारखी हलायला लागली. ती थांबेनात.

अनिस हसला नाही. त्याने पडदा बंद केला. "वहिनी, राग मानू नका. कॅमेऱ्याला काय झालेलं न्हाई. तुम्ही डॉक्टरला दाखवून घ्या. आमच्या तहमीनाला, बहिणीला माझ्या, बाळंतपणानंतर असंच झालं हुतं."

"मी तीन महिनं झालं सांगतेय," सुलक्षणा म्हणाली. ती अनिसला बोलली नाही, नवऱ्यालाही नाही. माझ्याकडं बघून बोलली.

सत्यजीत बाळाला घेऊन उभा होता. तो म्हणाला, "पण आधीचं व्हिडिओ तर..."

"ते कॅमेऱ्यानं सरळ केल्यात भाऊ. त्यात हात दिसतच न्हाई."

झबली घ्यायची राहिली. दोन गल्ल्या सोडून एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी पंखा बंद केला, सुलक्षणाला हात समोर ताठ धरून बोटं पसरायला सांगितली आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. बस, एवढंच. खोलीत वारा नव्हता, तरी कागदाच्या कडा फडफडत राहिल्या. सत्यजीत त्या कागदाकडं बघत होता. त्याच्या तोंडावर जे होतं तेच माझ्याही आत होतं, फक्त मला तोंड नाही.

रक्त तपासलं. थायरॉइड निघालं. बाळंतपणानंतर काही बायकांना होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या दिल्या. पुन्हा तपासायला बोलावलं. वेड नाही, आळस नाही, कामचुकारपणा नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण सुलक्षणा घरी येईपर्यंत ते स्वतःशी म्हणत होती.

साखरबाईनं सगळं ऐकून घेतलं. "मला काय ठावं," ती म्हणाली, "टीव्हीवानी सरळ दिसत हुतं." मग बराच वेळ भांडी घासत बसली. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी तिने सुलक्षणाला बोलावलं. बाळ तिच्याच पायांवर दिलं, आपण मागं बसली आणि सुनेच्या हातांखाली आपले हात धरले. बाळ उचललं तेव्हा चार हात होते.

आता गोळ्यांना दीड महिना झाला. दर रविवारी सत्यजीत मोठं चित्र लावतो आणि सुलक्षणा गोठ्याच्या लोखंडी खांबाचं शूटिंग करते. पहिल्या रविवारी खांब थरथरत होता. आता कमी थरथरतो. अजून थांबलेला नाही. परवा तिने बाळाला उभ्यानं घेतलं, पलंगाला खेटून. गायींचे व्हिडिओ मी पूर्वीसारखेच सरळ काढतो, ते माझं काम आहे. पण प्रत्येक वेळी कडा कापताना आता मला वाटतं, या कडेबरोबर मी पुन्हा काय फेकून दिलं.

साखरबाईला मात्र एक नाद लागलाय. आळीत कुणाची सून बाळंत होऊन दोन-तीन महिने झाले की ती कॅलेंडरचं जुनं पान घेऊन जाते. "हात फुडं कर गं. पंखा बंद करा." गिताबाई म्हणते, "आमच्या घरात डॉक्टर आल्या बघा." म्हणू दे. तिची धाकटी सून हात पुढं करतेच.

माझे हात नाहीत, मी कुणाच्या दारात जाऊ शकत नाही. म्हणून तुमच्याकडं मागणं आहे. एखादी नवी आई म्हणाली की माझे हात कापतात, आतून धडधडतं, तर तिला व्हिडिओ दाखवू नका. तिच्या बोटांवर एक कागद ठेवा. कागद हलला तर तिला डॉक्टरकडं न्या. आणि नाही हलला, तरी तिचं ऐकून घ्या, कारण माझं चित्रसुद्धा हललं नव्हतं. एवढं शेजारच्या घरी सांगा, माहेरी फोन केला की सांगा, आणि ज्यांना सांगाल त्यांना म्हणावं, पुढच्या घरी सांगा.