अंगणातली शाळा सुटते तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि या देशाचं भवितव्य माझ्यावर बसून घडलेलं आहे. मी ते खालून पाहिलं. खालून पाहिलं तर भवितव्य फारसं काही दिसत नाही. चुळबुळ मात्र फार करतं.

ठेकेदाराने कागदोपत्री मला मेळघाटच्या सागाचा म्हणून लिहिलं होतं. मी बाभळीचा आहे. पण शाळेत एकदा नाव लागलं की ते बदलून घ्यायला फार खेटे घालावे लागतात, म्हणून मी जन्मभर सागच राहिलो. अमरावतीच्या एका शाळेत माझी नेमणूक झाली. नेमणूक दोघांसाठी होती, बसायचे तिघे. चौथा कडेला असा टेकायचा की गुरुजींना तो बसलेला वाटावा आणि त्याला स्वतःला उभं असल्यासारखं वाटावं. पोरांनी माझ्यावर कर्कटकाने नावं कोरली. त्यातले काही पुढे मोठे झाले असतील. मला फक्त त्यांचं अक्षर ठाऊक आहे, आणि अक्षरावरून तरी तसं वाटत नव्हतं.

माझं कौतुकही एकदा झालं. तपासणीला साहेब आले, माझ्यावर बसले, दोनदा हलून पाहिलं आणि म्हणाले, "बाक मजबूत आहेत." सबंध शाळेबद्दल ते तेवढंच चांगलं बोलले. गुरुजींनी त्या संध्याकाळी माझ्यावरून मायेने हात फिरवला होता.

मग लोखंडी पायांचे नवे बाक आले. मी वर्गातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून संडासामागे आणि तिथून लिलावात गेलो. वामनरावांनी मला घेतलं. शिकण्यासाठी नाही, टमाट्यांसाठी.

वामनराव भाजीवाले. नांदगाव पेठेच्या वाटेवर त्यांचा मळा आणि राजापेठेत दुकान. दुकान मुलगा देवानंद सांभाळतो. घर दुकानामागच्या गल्लीत, पुढे अंगण, अंगणात शेवग्याचं झाड, झाडाखाली मी. माझ्यावर ओला बारदाना टाकून त्यावर मेथी-सांबाराच्या जुड्या ठेवत. (सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. पुण्याकडून कोणी वाचत असेल तर इडली आठवू नका.) टमाट्यांचं कॅरेट माझ्यावर ठेवून भरायची वामनरावांची एक रीत होती. वाकडेतिकडे टमाटे खाली, लालबुंद देखणे वर. "गिऱ्हाईक वरून पायते," ते म्हणायचे. यात फसवणूक आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. भाजीवाल्याच्या घरी ती स्वच्छता समजली जाते.

देवानंदची मुलगी रागिणी तिसरीत होती. ऑटोत कोंबून एका नामांकित शाळेत जायची. त्याआधी ही पोरगी बोलायची म्हणजे किती! कारल्याला पुटकुळ्या काहून येतात, वांग्यातली अळी आत जाते कशी, बाहेर भोक नसतं तर. वामनराव म्हणायचे, "मले इचारू नको, अळीले इचार." ती खरोखर विचारायची.

शाळेत गेल्यावर हळूहळू हे बंद झालं. तिथे एक नियम होता, ओठांवर बोट ठेवून बसायचं. चांगला नियम होता; वर्गात इतकी मुलं होती की सगळी एकदम बोलली असती तर छप्पर उडालं असतं. पण रागिणीने तो मनावर घेतला. एका दुपारी ती माझ्यावर बसून भाकर खात होती. घास गिळला की ओठांवर बोट, पुन्हा घास, पुन्हा बोट. कोणी सांगितलं नव्हतं. आजी माणिकबाई सांबाराची जुडी बांधता बांधता थांबल्या.

"काहून वो माय, दात दुखते का?"

रागिणीने मान हलवली. बोट तसंच.

त्याच आठवड्यात पालकसभा झाली. रागिणीची आई गीतांजली तिथून आली ती थेट माझ्यावर येऊन बसली, चप्पलही न काढता. मॅडमनी रागिणीचं कौतुक केलं होतं. "इतकी शांत झालीय तुमची रागिणी, की ती वर्गात आहे हेच कळत नाही!" गीतांजलीने हे सांगितलं आणि पदराने तोंड झाकून रडू लागली. देवानंदला आधी कळेचना की कौतुक झाल्यावर ही रडते काहून.

"काढून घेऊ तिले तिथून," गीतांजली म्हणाली.

"अन् टाकू कुठं? पलीकडच्या सरकारी शाळेत जाऊन आलो ना मी. गुरुजी चांगला माणूस हाय. पण तो कवा मतदारयादीवर, कवा सर्वेवर. मी गेलो तं पोट्टे एकमेकाले शिकवून रायले होते."

"मग मी शिकवते. घरी."

गीतांजली डी.एड. होती. ही गोष्ट त्या घरात कोणी काढत नसे. शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता तिचं लग्न झालं, रागिणी झाली, रागिणी तिसरीत गेली. भरती अजून येऊनच राहिली होती. शिकवायला जायचं म्हणून घेऊन ठेवलेल्या कडक सुती साड्या ती मेथी निवडताना नेसून नेसून मऊ झाल्या होत्या.

"शिकव," माणिकबाई म्हणाल्या. "मेथी मी निवडतो."

मित्रांनो, त्यानंतरचे काही दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. मला घासून धुतलं. टमाटे ओट्यावर गेले. रागिणी माझ्यावर मांडी घालून, पालथी पडून, एकदा तर उलटी लोंबकळून शिकली. वांग्यातली अळी दोघींनी मिळून चिरून शोधली. गीतांजलीला उत्तर आलं नाही की ती म्हणायची, "थांब, पाहू आपण." हे वाक्य मी सबंध शाळेच्या नोकरीत एकदाही ऐकलं नव्हतं. आणि एके दिवशी रागिणी सकाळपासून जेवणापर्यंत अखंड बोलली. वामनराव वैतागून मळ्यावर निघून गेले. माणिकबाईंनी तिची दृष्ट काढली.

शाळेने तिची दखल घेतली नव्हती, ती आता गल्लीने घेतली.

शेजारच्या वच्छलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काहून वो गीतांजली, पोरीले काढून टाकलं का शाळेनं?"

"आम्हीच काढलं."

"हो का." त्या 'हो का'मध्ये अख्खी गल्ली मावली असती. मग दूधवाला. मग दुकानातली गिऱ्हाइकं. शाळेत परीक्षा वर्षातून ठरलेल्या असतात. इथे जो येईल तो परीक्षक. "पोरगी घरी शिकते म्हणे? सांग बरं बेटा, भारताची राजधानी?" पालक घेऊन जाता जाता माणसं राजधान्या विचारून जात.

आणि मग अकोल्याहून भगवंतराव आले. माणिकबाईंचे धाकटे भाऊ. त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि माझ्यावर रेलून म्हणाले, "म्हण पोरी, सतराचा पाढा."

रागिणी सतरा सातेपर्यंत आली आणि तिथे तिला झाडावर खार दिसली. तिने मामाआजोबांना ती दाखवली. भगवंतरावांनी खारीकडे पाहिलं नाही. ते गीतांजलीकडे पाहून मायाळूपणे हसले. "घरी असंच होते. जाऊ दे. आमच्या अकोल्यात एकानं असंच केलं होतं..." पुढे त्या एकाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नुसता हात हलवला.

त्या हाताने सगळं बिघडलं. गीतांजली पुस्तक मिटून मेथी निवडायला बसली. वामनराव मात्र कामाला लागले. माणूस आयुष्यभर कॅरेट भरत आलेला. त्यांनी सुनेला समजावलं, "लोक वरून पायतात. वरचा थर चांगला लावू. खाली काय असन ते असन."

वरचा थर लावायला सुरुवात झाली. सतराचा पाढा, अठराचा, राजधान्या, आणि एक इंग्रजी कविता, जी हातवारे करून म्हणायची. कोणी फाटकाशी आलं की वामनराव खाकरायचे आणि रागिणीने उभं राहून सुरू व्हायचं. मग घरात मुलगी गबाळी दिसू नये म्हणून जुना गणवेश परत आला. घरी शिकणाऱ्याला शिस्त नसते असं वच्छलाबाई म्हणाल्या म्हणून प्रार्थना आली. वेळापत्रक आलं. वामनराव दुकानातलं जुनं लोखंडी वजन शेवग्याला टांगून त्यावर पान्हा हाणू लागले, ती घंटा. हजेरी सुरू झाली.

"रागिणी देवानंद?"

"हजर, मॅडम."

एकच मुलगी, आणि ती समोर बसलेली. तरी हजेरी होई, कारण हजेरीशिवाय शाळा कशी? पाणी प्यायला करंगळी, की शू-ला करंगळी, यावर माणिकबाईंचा गोंधळ व्हायचा आणि त्या दर वेळी पोरीला हाताला धरून भलतीकडेच न्यायच्या. वर्ग भरला की गीतांजली पुस्तकातलं बोलायची आणि सुटला की घरचं. पुढे पुढे सुटल्यावरही पुस्तकातलंच बोलू लागली. कपाटातल्या उरलेल्या साड्यांना पुन्हा खळ लागली. कधीच न मिळालेली नोकरी तिला मिळाली होती. तिच्या चेहऱ्यावर तेज होतं आणि हातात पट्टी होती. पट्टीने ती मारत नसे. फक्त माझ्यावर आपटायची.

मी काय करणार? मी पाहत होतो. बाकाला पाय चार असतात, पण उठून जायला त्यातला एकही कामाचा नाही.

एका रविवारी गीतांजलीने पालकसभा ठेवली. हे मी रचून सांगत नाही. देवानंदला दुकान बंद करून यावं लागलं. तो माझ्यावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला. समोर खुर्चीत गीतांजली. बाजूला रागिणी उभी.

"पालक," गीतांजली म्हणाली, "तुमची मुलगी अलीकडे वर्गात बोलत नाही. घरी काही टेन्शन आहे का?"

देवानंदने डोकं खाजवलं. "घरचं मले काय माहीत, मॅडम? मी दिवसभर दुकानात रायतो. तिच्या आईले विचारून सांगतो."

माणिकबाई ओट्यावरून खो खो हसल्या. वामनरावही हसले. गीतांजलीचाही ओठ हलला, ती हसणारच होती, तेवढ्यात तिचं लक्ष रागिणीकडे गेलं.

रागिणी हसत नव्हती. सरळ उभी होती. ओठांवर बोट.

माणिकबाई हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "लेकरू शाळेत कोमेजलं म्हणून घरी आणलं. आता घरातून काढून कुठं नेता वो तिले?"

गीतांजलीचं डी.एड. होतं, त्यात हा प्रश्न नव्हता. तिने पट्टी खाली ठेवली. सासऱ्यांकडे न पाहता म्हणाली, "मामाजी, घंटा द्या."

"आताच? अजून गणित रायलं..."

"द्या म्हणते ना."

वामनरावांनी पान्हा हाणला. शाळा सुटली.

मित्रांनो, शाळा सुटल्याची घंटा मी हजारदा ऐकली आहे. ती वाजली की पोरं माझ्यावरून उड्या मारून, मला पाडून, माझ्यावर पाय देऊन पळायची. धुडगूस होता तो, आडदांड, पण मला आवडायचा, कारण तेव्हा कळायचं की कुठेतरी घर आहे आणि सगळे तिकडे चालले आहेत.

रागिणी जागची हलली नाही. तिने दाराकडे पाहिलं. ते आत जात होतं. फाटकाकडे पाहिलं. तिथे वच्छलाबाई उभ्या होत्या. मग बोट जरा बाजूला करून तिने आईला विचारलं, "सुटली तं आता जाऊ कुठं?"

गीतांजली खुर्चीवरून उठली. देवानंद सरकला. ती लेकीला घेऊन माझ्यावर बसली, कडक साडी चुरगळत. तिघं होते. खूप दिवसांनी माझ्यावर तिघं बसले होते. गीतांजलीने लेकीला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "थांब, पाहू आपण." पण यावेळी तिला खरंच काही दिसत नव्हतं, हे बाकालाही कळलं.

ते वजन दुसऱ्या दिवशी उतरवलं. हजेरी बंद झाली. पण अजून काही ठरलेलं नाही. देवानंद पुन्हा त्या सरकारी शाळेत जाऊन आला. गुरुजी पुन्हा सर्वेवर होते. नामांकित शाळेचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, इतकी शांत मुलगी आम्हाला नेहमीच चालेल. भगवंतरावांनी अकोल्याहून निरोप दिला की आता तरी ऐका. कोणाचं ऐकायचं ते नाही सांगितलं. जून जवळ येतो आहे. रागिणी कधी बोलते, कधी बोलत नाही. ज्या दिवशी बोलते त्या दिवशी घरातले सगळे इतके कान देऊन ऐकतात की ती पुन्हा गप्प होते.

मित्रांनो, माझ्यावर किती मुलं बसून गेली. घरी शिकवावं की शाळेत, हे मला कोणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. मी दोन्हीकडे होतो आणि दोन्हीकडे मुलं शिकलीही आणि गप्पही झाली. एवढंच कळलं की लेकराला जपायचं म्हणून माणसं त्याच्याभोवती फार गर्दी करतात, आणि गर्दीत सगळ्यांत लहान माणूसच दिसेनासा होतो. यावर उपाय काय, ते मला माहीत नाही. तुम्हाला सापडला तर राजापेठेत येऊन या घरी जरूर सांगा.

आणि येणारच असाल तर हातोडी घेऊन या. गीतांजली बसते त्या बाजूचा माझा एक खिळा वर आला आहे, तिच्या साड्या फाटतात. दोन ठोके घाला, बस.